एक किलो पायात, पाच किलो पाठीवर: एका आकड्याचा आणि हलक्या बुटांचा इतिहास

मार्च संपत आला की पुंडलिकनगर, गारखेडा भागातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. एक म्हणजे पेट कधी होणार. दुसरा म्हणजे मे-जूनमध्ये हिमालयात जायचंय, तर बूट कोणते घ्यायचे. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्यानं द्यायला हरकत नाही, कारण त्या प्रश्नाच्या पोटात एक चांगला संशोधनप्रश्न दडलेला आहे.

बुटांची चर्चा सुरू झाली की कुणीतरी एक वाक्य टाकतंच: "पायातला एक किलो म्हणजे पाठीवरचे पाच किलो." मग सगळे माना डोलावतात आणि हलके बूट घ्यायचं ठरतं. हे वाक्य सह्याद्रीत फिरणाऱ्या ग्रुपमध्ये ऐकू येतं, दुकानात ऐकू येतं, गिर्यारोहणावरच्या इंग्रजी पुस्तकांतही भेटतं. पण हा पाचाचा आकडा आला कुठून? कुणी मोजला? कुणाच्या पायावर मोजला? आणि तो खरा असेल तर गिर्यारोहक इतकी वर्षं जड बूट का घालत होते?

आज आपण या आकड्याचा माग काढणार आहोत. शेवटी बूट निवडण्याबद्दलही बोलू. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, "सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट" तपासायची कशी, हे त्यातून थोडं दिसेल. प्रबंधाच्या पहिल्या वर्षात हेच काम सगळ्यात जास्त करावं लागतं.

खिळे, थंडी आणि रबर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा युरोपातला गिर्यारोहणाचा बूट म्हणजे जाड चामडं आणि सोलला ठोकलेले लोखंडी खिळे. गवताळ उतार, कडक बर्फ, ओला खडक, या सगळ्यांवर खिळे पकड देत. पण खिळ्यांचे दोन मोठे तोटे होते. एक वजन. दुसरा थंडी. लोखंडातून उष्णता झटकन निघून जाते, त्यामुळे खिळ्यांवाटे पायाची ऊब बर्फात जायची. जॉर्ज मॅलरी १९२४ मध्ये एव्हरेस्टवर बेपत्ता झाला. त्याचा मृतदेह १ मे १९९९ रोजी सापडला, तेव्हा पायात असाच खिळेदार चामडी बूट होता. त्या काळातल्या वर्णनांपेक्षा हा एक बूट आपल्याला जास्त सांगतो. वस्तू हेही साधन असतं, हे इतिहासाच्या पहिल्या वर्षाला शिकलेलं वाक्य इथे डोळ्यांसमोर उभं राहतं.

मग हलके बूट कुणी वापरायचेच नाहीत का? वापरायचे. कातळ चढण्यासाठी आल्प्समधले आरोहक मऊ तळाचे, हलके जोडे जवळ ठेवत. खिळेदार बूट पायथ्याशी काढायचे, हलके चढवायचे, कातळ चढायचा. १९३५ मध्ये इटलीतल्या पुंता रासिका या शिखरावर एका गटाला अचानक वादळानं गाठलं. सहा जण गेले. त्यांच्या मृत्यूला अपुरी पादत्राणंही कारणीभूत ठरली, असं मानलं गेलं. त्या गटातला एक अनुभवी आरोहक होता मिलानचा विताले ब्रामानी. त्यानंतर त्याने असा सोल बनवण्याचा ध्यास घेतला जो कातळावरही धरेल, बर्फावरही धरेल आणि खिळ्यांसारखा गारठणार नाही. टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीची त्याला मदत झाली आणि १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी सोल तयार झाला. ब्रामानीच्या नाव-आडनावातून तयार झालेलं 'व्हायब्रम' हे नाव आज चांगल्या ट्रेकिंग शूजच्या तळाला पिवळ्या रंगात दिसतं.

इथे जरा थांबूया. आपल्या वाक्यात हलकं म्हणजे चांगलं असं गृहीत आहे. १९३५ ची घटना उलटं सांगते. तिथे हलके जोडे कातळासाठी अगदी योग्य होते. हवामान बदललं आणि तेच अपुरे पडले. म्हणजे "बूट किती हलका" हा प्रश्न "कशासाठी, कुठे, किती वेळ" याशिवाय विचारताच येत नाही. ब्रामानीनं वजन कमी करायचं म्हणून सुरुवात केली नव्हती. त्याला एकाच बुटात दोन कामं हवी होती. खिळे गेले आणि वजन कमी झालं, हा त्याचा एक परिणाम.

१९५३: एका दोरावर दोन तऱ्हेचे बूट

पाचाचा आकडा बऱ्याच ठिकाणी १९५३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेच्या नावावर सांगितला जातो. त्या मोहिमेत बुटांवर खरंच खूप विचार झाला होता, आणि त्याला कारण होतं. तीनच वर्षं आधी, १९५० मध्ये, फ्रेंच मोहिमेनं अन्नपूर्णा सर केलं. मॉरिस एर्झोग आणि लुई लाशनाल शिखरावरून परतले, पण हिमदंशामुळे दोघांच्याही पायांची बोटं गेली. एर्झोगच्या हातांचीही गेली. आठ हजार मीटरवर पायात काय आहे, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येण्यासारखा राहिला नाही.

ब्रिटिश मोहिमेनं या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत दिलं. खालच्या टप्प्यांसाठी, म्हणजे हिमप्रपात आणि त्यावरच्या दरीसाठी, एक तुलनेनं हलका बूट. ल्होत्से धारेपासून वरच्या टप्प्यांसाठी वेगळा, खास उंचीचा बूट. हा दुसरा बूट केटरिंग इथल्या पादत्राण उद्योगाच्या संशोधन संस्थेनं विकसित केला. वर पातळ, मऊ चामडं; आत शेवरीसारख्या कापसाचा, म्हणजे कापोकचा जाड थर; पायाचा घाम त्या थरात जाऊन तो ओला होऊ नये म्हणून आतून पाणी अडवणारं अस्तर; आणि खाली बारीक हवेच्या पोकळ्या असलेलं हलकं रबर. दिसायला हा बूट अवाढव्य होता, पण तो फुगवटा उबेसाठी होता. पातळ चामडं रोजच्या दगडधोंड्यांत टिकणारं नव्हतं, म्हणून तो खाली वापरायचाच नाही असं ठरलं.

आता पुढची गोष्ट बघा, कारण साधनचिकित्सेचा धडा इथे आहे. २८ मेची रात्र हिलरी आणि तेनझिंग यांनी सुमारे ८,५०० मीटरवरच्या शेवटच्या छावणीत काढली. हिलरीनं झोपताना बूट काढून ठेवले. सकाळी ते दगडासारखे गोठले होते. स्टोव्हच्या आचेवर धरून, चामडं करपण्याचा वास येईपर्यंत ते नरम करावे लागले आणि त्यात बराच वेळ गेला. साडेसहाला दोघं निघाले, साडेअकराला शिखरावर होते. ही हकिगत मोहिमेच्या अधिकृत पुस्तकात आहे, शिखराचं प्रकरण स्वतः हिलरीनं लिहिलं आहे.

तेनझिंगचे बूट का गोठले नाहीत? त्याने ते काढलेच नव्हते. आणि ते ब्रिटिश बूट नव्हते. आदल्या वर्षी, १९५२ मध्ये, तो स्विस मोहिमेबरोबर रेमंड लॅम्बर्टच्या जोडीनं एव्हरेस्टवर खूप उंच गेला होता. त्या स्विस मोहिमेतले रेनडियरच्या कातड्याचे बूट त्याच्या पायात होते. १९५५ मध्ये आलेल्या त्याच्या आत्मकथनात त्या दिवशी अंगावर काय काय होतं आणि कोणती वस्तू कुणाची, हे तो आठवणीनं सांगतो: मोजे पत्नीनं विणलेले, गळ्यातला लाल स्कार्फ लॅम्बर्टचा, बूट स्विस. तेनझिंगला लिहिता येत नव्हतं. त्याचं आत्मकथन त्याने सांगितलं आणि जेम्स रॅम्झी उलमन यांनी लिहून काढलं. म्हणजे ते साधनही गाळणीतून आलेलंच आहे. तरीही, फक्त अधिकृत पुस्तक वाचलं तर १९५३ चा विजय हा ब्रिटिश संशोधनाच्या बुटांचा विजय वाटतो. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की कळतं, शिखरावर उभ्या असलेल्या चार पायांपैकी दोन पायांत दुसऱ्याच देशाचे, दुसऱ्याच मोहिमेचे बूट होते.

आणि आणखी खाली बघितलं तर? त्या वर्षी काठमांडूच्या खोऱ्यातून सामान घेऊन सुमारे साडेतीनशे हमाल निघाले. त्यांतले अनेक जण अनवाणी होते. पायातल्या वजनाची चर्चा ज्या मोहिमेच्या नावावर चालते, तिचं बहुतांश वजन अनवाणी पायांनी वाहिलं गेलं होतं. त्यांच्या बाबतीत "पायात एक, पाठीवर पाच" हे गणित कुणी मांडलं नाही, कारण पायात शून्यच होतं.

आकडा प्रयोगशाळेत जातो

आता मोजमापाकडे येऊ. पायातल्या वजनाची किंमत नीट मोजणारे जे अभ्यास सर्वाधिक उद्धृत होतात, ते गिर्यारोहकांनी केलेले नाहीत. त्यांचा मोठा भाग सैन्यासाठी झाला, कारण सैनिकाला बूटही घालायचे असतात आणि ओझंही वाहायचं असतं.

१९६९ मध्ये सूल आणि गोल्डमन या अमेरिकी लष्करी संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी डोक्यावर, हातात आणि पायावर वजन देऊन माणसांना चालायला लावलं आणि ऊर्जा किती लागते ते मोजलं. तुलना पाठीवरच्या ओझ्याशी नव्हती. स्वतःच्या शरीराचा एक किलो वाहायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या किती पट, असा हिशोब होता. पायाच्या बाबतीत उत्तर आलं: ताशी ४ किलोमीटर वेगाला ४.२ पट, ४.८ वेगाला ५.८ पट आणि ५.६ वेगाला ६.३ पट. म्हणजे "पाच" हा एक आकडा नाहीच. वेग वाढला की तो वाढतो. आणखी एक तपशील: प्रयोगात प्रत्येक पायावर ६ किलो वजन होतं. कुठलाही बूट एवढा जड नसतो.

१९८४ मध्ये जोन्स आणि सहकाऱ्यांनी खरे बूट वापरले: एकीकडे हलके खेळाचे शूज, दुसरीकडे लष्करी चामडी बूट. त्यांचा निष्कर्ष ढोबळमानाने असा की जोडीचं वजन १०० ग्रॅमनं वाढलं की प्राणवायूची गरज ०.७ ते १ टक्क्यानं वाढते. हा अभ्यास पुरुषांवर होता. स्त्रियांवरचा त्यांचा वेगळा अभ्यास १९८६ मध्ये आला. त्याच १९८६ मध्ये लेग आणि मोहंती यांनी नेमका आपल्या वाक्यातला प्रश्न घेतला: तेच वजन पाठीवर आणि तेच बुटात, फरक किती? उत्तर आलं ६.४ पट.

म्हणजे वाक्य खोटं आहे का? नाही. दिशा बरोबर आहे, आकडाही आसपासचाच आहे. पण तो निघाला कसा, हे बघितलं की त्याच्या मर्यादा दिसतात. हे प्रयोग मोजक्या निरोगी माणसांवर, ठरावीक वेगानं, सपाट किंवा नियंत्रित पृष्ठभागावर झाले. पाच हजार मीटरवर, भुसभुशीत बर्फात, तासाला जेमतेम एक किलोमीटर जाताना गुणोत्तर किती, हे त्यांतून थेट निघत नाही. वेग कमी तर गुणोत्तर कमी, असं १९६९ चे आकडे सुचवतात; पण बर्फातून पाय उपसून उचलावा लागतो, ते काम त्या प्रयोगात नव्हतं. अशा ठिकाणी प्रबंधात "सिद्ध झाले आहे" असं लिहायचं नसतं. "सूचित होते" असं लिहायचं असतं, आणि का, तेही सांगायचं असतं.

एक साधा हिशोब करून बघा. २ किलोची जोडी आणि १.४ किलोची जोडी, फरक ६०० ग्रॅम, म्हणजे एका पायाला ३०० ग्रॅम. दिवसाला १२ किलोमीटर, पाऊल ६० सेंटिमीटरचं धरलं तर २०,००० पावलं. प्रत्येक पावलाला ३०० ग्रॅम जास्त उचलायचे, म्हणजे दिवसभरात ६,००० किलो. सहा टन! ऐकायला भारी वाटतं. जोन्सच्या हिशोबानं हाच फरक प्राणवायूच्या गरजेत साधारण ४ ते ६ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतो. दोन्ही आकडे एकाच फरकाचे आहेत. दुकानदार पहिला सांगेल, जड बूट विकायचे असतील तर दुसरा सांगेल. आकडा वाचताना तो कुणी, कुठल्या एककात आणि कशासाठी मांडलाय, हे बघायचं ते यासाठी.

आपल्याकडचे पाय

हे सगळं झालं आल्प्स, एव्हरेस्ट आणि प्रयोगशाळेचं. आपल्याकडे काय?

छत्रपती संभाजीनगरात बर्फ नाही, पण डोंगराशी नातं आहे. देवगिरी आहे, गोगाबाबा टेकडी आहे, कन्नडकडे अंतुर किल्ला आणि गौताळ्याचं जंगल आहे. याच जिल्ह्यातले पोलीस रफिक शेख २०१६ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले, मनीषा वाघमारे २०१८ मध्ये. त्याआधी १९९८ मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण हृषिकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून एव्हरेस्टवर गेले होते. म्हणजे बेसाल्टवर सराव करून बर्फावर जायचं, हा प्रवास मराठी माणसाला नवा नाही. आणि बुटांचा खरा पेच या प्रवासातच आहे.

सह्याद्रीचा कातळ काय मागतो? पकड. पावसाळ्यात शेवाळलेला कातळटप्पा, उन्हाळ्यात घसारा, अरुंद खोबण्या. तिथे ऊब नको, बोटांना कातळ जाणवायला हवा. म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षं चालला तो कॅनव्हासचा, रबरी तळाचा, घोट्यापर्यंतचा हंटर शू. स्वस्त, हलका, भिजला तरी दुसऱ्या दिवशी वाळणारा. नंतर भारतीय बनावटीचे ॲक्शन ट्रेकिंग शूज आले आणि कातळावरच्या पकडीमुळे सह्याद्रीतल्या भटक्यांचे लाडके झाले. गेल्या दहा-पंधरा वर्षांत परदेशी साखळी दुकानांमधले ट्रेकिंग शूज सगळीकडे दिसतात. आणि या सगळ्याच्या आधीपासून, किल्ल्याखालच्या वाडीतला वाटाड्या वहाणा घालून किंवा अनवाणी पुढे चालतोच आहे.

गंमत अशी, की हलक्या बुटांच्या ज्या कल्पनेकडे युरोप खिळे टाकून, प्रयोग करून आला, तिथे आपण किंमतीमुळे आणि हवामानामुळे आधीच होतो. पण याची नोंद कुठे आहे? किल्ल्यांवर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय. तट, बुरूज, टाकी, शिलालेख, सगळं सापडतं. पायात काय होतं, हे क्वचितच. "पायातली वहाण पायातच बरी" ही म्हण आपण सहज वापरतो. तिच्यात वहाणेची जागाही सांगितली आहे आणि वहाण बनवणाऱ्यांची जागाही. चामड्याचं काम ज्या जातींवर लादलं गेलं, त्यांच्या कौशल्याची नोंद ठेवावी असं लिहिणाऱ्यांना वाटलं नाही. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला तो २०१९ मध्ये, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या जिल्ह्यांना मिळून. सोल उसवलेला ट्रेकिंग शू शिवून पुन्हा डोंगरावर पाठवणारा कोपऱ्यावरचा कारागीर अजूनही कुठल्याच इतिहासात नाही.

संशोधनाच्या दृष्टीने ही रिकामी जागा फार मोलाची आहे. विषय शोधताय ना? मग साधनं कुठे मिळतील ते बघा. गिर्यारोहण संस्थांच्या स्मरणिका आणि मोहिमांचे अहवाल. त्यांत साहित्याच्या याद्या असतात. १९२९ पासून निघणारं 'हिमालयन जर्नल', ज्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. जुन्या ग्रुप फोटोंत चेहऱ्यांऐवजी पाय बघायचे. दार्जिलिंगची संस्था १९५४ ची आणि उत्तरकाशीची १९६५ ची. तिथे शिकून आलेल्या साठी-सत्तरीच्या लोकांच्या मुलाखती घ्यायच्या. आणि कारागिरांच्या मुलाखती, ज्या कुणी घेतलेल्या नसतात. शेवटचं काम सगळ्यात तातडीचं, कारण कागद थांबतो, माणूस थांबत नाही.

मग बूट कोणते?

आता वचन दिल्याप्रमाणे व्यवहाराचं बोलू. वरच्या इतिहासातून निवडीचे निकष आपोआप निघतात.

पहिलं, जाणार कुठे? नुसता उन्हाळी ट्रेक असेल, बर्फाचा एखादा पट्टा ओलांडायचा असेल, तर चांगल्या पकडीचा, घोट्याला आधार देणारा ट्रेकिंग शू पुरतो. मनालीजवळच्या ५,२८९ मीटरच्या फ्रेंडशिप शिखरासारखं काही असेल तर क्रॅम्पॉन लागणार, आणि क्रॅम्पॉन लागणार म्हणजे सोल कडक हवा. मऊ सोल वाकतो आणि क्रॅम्पॉन सुटतो. युरोपात यासाठी बी-शून्य ते बी-तीन अशी प्रतवारी रुळलेली आहे. बी-शून्यला क्रॅम्पॉन लावायचा नाही. बी-एकला पट्ट्यांचा लवचिक क्रॅम्पॉन. बी-दोनला मागे टाच पकडणारा चालतो. बी-तीन पूर्ण कडक, उभ्या बर्फासाठी. उन्हाळी मोहिमेचा हलका बूट म्हणजे बहुतेक वेळा बी-दोन. सहा हजार मीटरच्या पुढे किंवा कडाक्याच्या थंडीत दुहेरी बूट लागतो. तिथे शंभर-दोनशे ग्रॅमचा हट्ट धरायचा नाही. एर्झोग आणि लाशनाल आठवा.

दुसरं, विकत घ्यायचेच आहेत का? बेसिक कोर्सला जाणार असाल तर प्रशिक्षण संस्था बर्फाचे बूट, क्रॅम्पॉन, आइस ॲक्स देतात. मोहिमांसाठी मनालीत भाड्यानेही मिळतात. फेलोशिपच्या पैशांत, तीही वेळेवर येत नसताना, एकदाच वापरायच्या बुटात पंधरा-वीस हजार घालायचे का, याचा विचार करा. तो पैसा सरावाच्या चांगल्या शूजवर आणि दोन जोडी लोकरी मोज्यांवर घातला तर जास्त कामी येतो.

तिसरं, माप. वजनापेक्षा माप महत्त्वाचं. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. जे मोजे घालणार तेच घालून बघा. दुकानात उतार नसेल तर जिना उतरून बघा. उतरताना अंगठा पुढे आपटत असेल तर तो बूट ठेवून द्या. टाच उचलली जात असेल तरीही. चावणारा हलका बूट हा न चावणाऱ्या जड बुटापेक्षा महाग पडतो, कारण फोड आलेल्या पायाचं गुणोत्तर कुठल्याही प्रयोगशाळेनं काढलेलं नाही. आपल्याकडचे पाय पुढून रुंद असतील तर अरुंद साच्याचे युरोपीय बूट मापाचा नंबर बरोबर असूनही दाबतात. फक्त नंबर बघून ऑनलाइन मागवू नका.

चौथं, जुने बूट. ग्रुपमध्ये कुणीतरी "माझे पडून आहेत, घेऊन जा" म्हणतं. घ्या, पण सोल तपासा. बऱ्याच बुटांत मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. वापर नसतानाही हवेतल्या ओलाव्यानं तो वर्षानुवर्षं आतून कुजतो आणि एक दिवस चालता चालता अख्खा सोल सुटून येतो. दमट हवेत, गॅलरीत ठेवलेल्या बुटांचं तर हे ठरलेलंच. वाकवून बघा, अंगठ्यानं दाबून बघा, भेगा किंवा भुगा दिसला तर सोडून द्या.

पाचवं, वेळ. नवे बूट घालून थेट रेल्वेत बसू नका. निदान सहा आठवडे आधी घ्या. रोज गोगाबाबा टेकडी, रविवारी देवगिरी, पाठीवर सॅक घेऊन. पुस्तकी आकड्यापेक्षा तुमच्या पायाचा आकडा तिथे कळेल.

आकड्याला विचारायचे प्रश्न

जाता जाता, हे वाक्य हातात घेऊन आपण जे केलं ते सूत्ररूपात सांगतो, म्हणजे कोणत्याही विषयाला लावता येईल. आकडा प्रथम कुणी मोजला, आणि लोक तो कुणाच्या नावावर सांगतात? दोन्ही नावं वेगळी निघाली तर मधल्या प्रवासाचा इतिहास लिहिता येतो. काय कशाशी ताडून पाहिलं? १९६९ मध्ये शरीराशी तुलना होती, १९८६ मध्ये पाठीवरच्या ओझ्याशी. लोक दोन्ही एकाच वाक्यात कोंबतात. कोणाच्या शरीरावर मोजलं? सैनिक, पुरुष, सपाट जमीन. मोजण्यासाठी पैसे कुणी दिले आणि कशासाठी? आणि कोणाला मोजलंच नाही? काठमांडूहून निघालेले ते साडेतीनशे जण, किल्ल्याखालचा वाटाड्या, कोपऱ्यावरचा कारागीर.

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा प्रबंधाचा विषय असतो. पेटच्या मुलाखतीत "तुमच्या विषयाचं नावीन्य काय?" असं विचारतात, तेव्हा मोठमोठे शब्द लागत नाहीत. आतापर्यंत हे मोजलं गेलं, याचं मोजलं गेलं नाही, आणि ते मोजायची साधनं इथे इथे आहेत, एवढं तीन वाक्यांत सांगता आलं तरी पुरे. तुमच्या ओळखीत जुन्या मोहिमेचा अहवाल, साहित्याची यादी किंवा पाय दिसतील असे फोटो कुणाकडे असतील, तर रद्दीवाल्याच्या आधी तुम्ही तिथे पोहोचा.